शेवटच्या गल्लीतले चाळीस फॉर्म

१

शेवटच्या गल्लीतल्या चाळीस बायकांना कुणीतरी आजारी पाडलं होतं, आणि त्या बायकांना त्याचा पत्ताही नव्हता. त्या रोजच्यासारख्या पहाटे उठत होत्या, बर्फाच्या कारखान्यात कामाला जात होत्या, संध्याकाळी घरी येऊन पोरांवर ओरडत होत्या. आजार होता तो नुसता कागदावर.

आणि आज, गुरुवारी, सकाळी साडेनऊला, त्या कागदाने एका बाईची नोकरी खायला घेतली होती.

सिस्टरना डॉक्टरांनी रिक्षा पाठवून बोलावून घेतलं होतं. सिस्टर म्हणजे चौतीस वर्षं परिचारिका म्हणून राबून निवृत्त झालेल्या बाई. आता दर सोमवारी या आरोग्य-संशोधन संस्थेत यायच्या, बीपी मोजायची पाच यंत्रं तपासून द्यायच्या आणि जाता जाता चार जणांची खरडपट्टी काढायच्या. त्यांना सोमवार सोडून बोलावलं म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, हे रिक्षावाल्यालाही कळलं होतं.

डॉक्टरांनी पत्र पुढे सरकवलं. अनुदान देणाऱ्या निधीकडून आलं होतं. संस्थेचा अर्ज शेवटच्या तिघांत होता. अर्जात म्हणणं असं की, वरच्या वस्तीला नळाचं पाणी मिळतं, खालच्या वस्तीला बोअरचं मचूळ, खारट पाणी प्यावं लागतं, आणि खालच्या वस्तीतल्या बायकांचं बीपी कितीतरी जास्त आहे. अनुदान मिळालं तर तीन वर्षं अभ्यास होणार होता आणि खालच्या वस्तीत तपासणीची खोली आणि कायमची नर्स येणार होती. आत्ता तिथल्या गरोदर बाईला दवाखाना गाठायला दोन बस बदलाव्या लागत.

निधीवाल्यांनी नेहमीप्रमाणे आपली माणसं गुपचूप पाठवून आठ बायकांचं बीपी पुन्हा मोजून बघितलं होतं. आठही शेवटच्या गल्लीतल्या. फॉर्मवर आठही जणींचं बीपी चढलेलं होतं. प्रत्यक्षात आठही जणी ठणठणीत निघाल्या होत्या.

"आज चार वाजता त्यांच्या तपासनीस बाई येतायत," डॉक्टर म्हणाले. "समाधानकारक खुलासा नसेल तर अर्ज बाद. सिस्टर, खुलासा एकच आहे. त्या गल्लीतलं मोजमाप बिट्टीने केलं. म्हणजे केलंच नाही. घरी बसून आकडे ठोकून दिले. तिला आजच्या आज काढून टाकतो आणि तसं लिहून देतो. तुम्ही तिला शिकवलंत, म्हणून कागदावर तुमचीही सही हवी."

सिस्टरनी पेन घेतलं. टोपण काढलं. मग परत लावलं.

"चार वाजायला अजून साडेसहा तास आहेत ना?" त्या म्हणाल्या. "आधी मला ते फॉर्म दाखवा."

२

फॉर्मचं कपाट आतल्या खोलीत होतं. किल्ल्या तीन. एक डॉक्टरांकडे, एक अर्ज लिहिणाऱ्या बाईंकडे, एक दशांशकडे. दशांश म्हणजे संस्थेचा आकडेमोड करणारा. कुणी त्याला वय विचारलं तर एकतीस पूर्णांक चार दशांश असं सांगायचा, तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. बिट्टीसारख्या घरोघरी फिरणाऱ्या बायकांना किल्ली नसे. त्या संध्याकाळी फॉर्मचा गठ्ठा आणून देत आणि जात.

सिस्टरनी आधी खालच्या वस्तीच्या पहिल्या गल्लीचा गठ्ठा उघडला. प्रत्येक फॉर्मला दोन पानं, वरच्या कोपऱ्यात स्टेपलरची पिन. पहिल्या पानावर नाव, वय, संमती, अंगठा किंवा सही. दुसऱ्यावर फॉर्मचा नंबर, तारीख आणि नुसते आकडे: वजन, उंची, बीपी. १५२/९६. १३८/८४. १४६/९२. १२८/८०. बिट्टीचे ठोकळ्यासारखे आकडे त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते.

मग शेवटची गल्ली. १५३/९७. १४८/९१. १६१/१०२. १४७/९३. आकडे तसेच ठोकळ्यासारखे, तीच निळी शाई. पण पाचव्या-सहाव्या फॉर्मपाशी सिस्टरचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि गठ्ठा पहिल्यापासून परत चाळला. चाळिसावा फॉर्म संपला तेव्हा त्यांच्या कानशिलाशी धडधडत होतं. स्वतःचंच बीपी चढलं असणार, त्यांच्या मनात आलं.

त्यांनी एका फॉर्मची पिन नखाने काढली आणि दोन्ही पानं उजेडाला धरली. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पिनेची चार भोकं होती. दुसऱ्या पानाला दोनच. दुसरा फॉर्म उघडला. तेच. तिसरा. तेच.

म्हणजे अंगठे खरे होते. बायकांना भेटून घेतलेले. पण त्यामागचं आकड्यांचं पान कुणीतरी काढून घेतलं होतं आणि नवं लावून पुन्हा पिन मारली होती. हे काम गल्लीत झालं नव्हतं. हे याच खोलीत झालं होतं, या कपाटापाशी.

मागे दार वाजलं. बिट्टी उभी होती. डोळे सुजलेले.

"सिस्टर," ती म्हणाली, "मला काढलंय असं शिपायाने सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं असतं तरी चाललं असतं."

३

बिट्टी उंचीने एवढीशी, म्हणून बिट्टी. वय चौतीस, दोन पोरांची आई, आणि राहायला खालच्या वस्तीतच. बिट्टी रडत असली तरी आवाज पडलेला नव्हता.

"नोकरीचं जाऊ दे," ती म्हणाली. "निधीची माणसं गल्लीत येऊन गेली. बायकांना कळलं की मी त्यांना फॉर्मवर आजारी लिहिलंय. आज सकाळी बोअरवर एकजणही माझ्याशी बोलली नाही. म्हणतात, आमच्या नावावर आजार विकून ही पैसे आणायला निघाली. सिस्टर, मी तिथे जन्मले, तिथेच नांदते. मी तोंड कुठे लपवू?"

"बस. डोळे पूस. आणि मला सांग, त्या गल्लीत तू काय मोजलंस?"

"बरं होतं सगळ्यांचं. एकशे दहा, एकशे अठरा, कुणाचं एकशे चोवीस. मला नवल वाटलं. पलीकडच्याच गल्लीत माझी धाकटी जाऊ राहते, सात महिने भरलेत, तिचं एकशे साठावर एकशे चार. पाय हे असे सुजलेत. गोळ्या चालू आहेत, पण दर वेळी दोन बस बदलून कशी जाणार ती? खोली झाली असती दारात तर..." तिने वाक्य सोडून दिलं.

"मग एकाच गल्लीत बीपी चांगलं कसं, हे तू कुणाला बोललीस?"

बिट्टीने सिस्टरकडे असं पाहिलं की जणू त्यांनी भलतंच काही विचारलं. "आम्हाला कोण विचारतं? फॉर्म द्यायचा, सही करायची, निघायचं. फॉर्मवर जो प्रश्न नाही त्याचं उत्तर द्यायला जागाच नसते."

"मी विचारते. कसं?"

"त्या सगळ्या बर्फाच्या कारखान्यात जातात. कारखान्याला बर्फासाठी गोड्या पाण्याची वेगळी लाइन आहे. येताना प्रत्येकीच्या हातात एक डबा असतो. गल्लीत बोअरचं पाणी फक्त धुण्याला. प्यायला कधीच नाही."

सिस्टरनी टेबलावरचा कोरा फॉर्म ओढून घेतला, दोन्ही पानं वरपासून खालपर्यंत वाचली. अर्जभर पाणी पाणी केलेलं होतं आणि फॉर्मवर 'तुम्ही पाणी कुठलं पिता' हा प्रश्नच नव्हता. हापिसात बसून ठरवलं होतं, खालची वस्ती म्हणजे बोअर.

"शहाणी माणसं," त्या पुटपुटल्या. "बरं, यंत्र कुठलं वापरलंस?"

"तुम्ही दिलेलंच. काट्याचं. दुसरं आहे कुठे आपल्याकडे?"

"ते घेऊन इथेच थांब. आणि मी सांगेपर्यंत कुणाशी अवाक्षर बोलू नकोस."

४

अर्ज लिहिणाऱ्या बाई खिडकीपाशी बसायच्या. सगळं हापिस त्यांना 'अर्जबाई' म्हणायचं, त्यांच्या तोंडावरसुद्धा. दोन महिने रक्ताचं पाणी करून त्यांनी हा अर्ज लिहिला होता. आता त्या नखं खात होत्या.

"माझ्यावर संशय येणारच," त्या आपणहून म्हणाल्या. "अर्ज माझा, किल्ली माझ्याकडे. आकडे जास्त आले तर माझा अर्ज देखणा दिसतो. विचारा काय ते."

"तुम्हाला बीपीचं काय कळतं?"

"स्वतःपुरतं कळतं. घरी मशीन आहे बॅटरीचं. रोज सकाळी बघते. आज एकशे तेहेतीस होतं, या पत्राआधी. आता विचारू नका."

"खालच्या वस्तीत कधी गेलात?"

"एकदाच, पाहुण्यांना घेऊन. ऊन मरणाचं होतं. शेवटच्या गल्लीत एका म्हातारीने तांब्याभर पाणी दिलं. मी म्हटलं, मेले आता, मचूळ असणार. पण छान गोड होतं. दुसऱ्यांदा मागून प्याले." त्या कसनुसं हसल्या. "मी हे केलेलं नाही, सिस्टर. पण मी नाही म्हटल्याने काय होतंय?"

"खरंय. काही होत नाही," सिस्टर म्हणाल्या आणि उठल्या. त्यांना या बाई आवडायच्या, आणि नेमकं तेच त्यांना नको होतं.

दशांशच्या टेबलावर संगणकाचे तीन पडदे, ओळीने मांडलेले आलेख, एक कळकट कप. त्याच्या गळ्यात रुमाल होता. तो उठून उभा राहिला.

"बिट्टीताईंचं वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण असं होतं, सिस्टर. फिल्डवरची माणसं थकतात. मग घरी बसून आकडे भरतात. आणि माणूस मनाने आकडे लिहायला लागला की सारखे शून्य नाहीतर पाच येतात शेवटी. आम्ही त्यावरूनच पकडतो."

"मग या चाळीस फॉर्मांत तुला शून्य-पाच जास्त दिसले?"

"नाही. आकडे अगदी नैसर्गिक पसरलेत. म्हणून तर माझ्या नजरेतून सुटले."

"नैसर्गिक," सिस्टर म्हणाल्या. "तू कधी वस्तीत गेलास रे?"

"माझं काम इथलं. मी गेलो तर ही यंत्रं कोण बघणार?"

डॉक्टरांच्या खोलीत मात्र सिस्टरना बसायलाही कुणी सांगितलं नाही. डॉक्टर येरझारा घालत होते. "तीन तास तुम्ही काय करताय? मी वरिष्ठांच्या सभेत शब्द देऊन बसलोय, निष्कर्ष सांगून बसलोय. हे अनुदान गेलं तर संस्था बंद पडेल. अठरा माणसं घरी बसतील. एका बाईपायी?"

"तुमच्याकडेही किल्ली आहे, डॉक्टर."

डॉक्टर जागच्या जागी थांबले. "काय म्हणालात?"

"सव्वातीनला सगळ्यांना या खोलीत बोलवा," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर मी तपासनीस बाईंना गेटवर गाठेन आणि पिनेची भोकं दाखवेन."

५

सव्वातीनला पाचजण टेबलाभोवती बसले: डॉक्टर, अर्जबाई, दशांश, बिट्टी आणि सिस्टर. सिस्टरनी पिनेच्या भोकांची गोष्ट सांगितली. आकड्यांची पानं या इमारतीत बदलली गेली, हे ऐकल्यावर कुणी कुणाकडे बघेना.

मग सिस्टरनी काट्याचं यंत्र मध्ये ठेवलं. पट्टा बिट्टीच्या दंडाला बांधला, फुगा दाबत नेला आणि हवेचा स्क्रू घट्ट आवळला. काटा तबकडीवर स्थिर राहिला.

"प्रत्येकाने जवळ येऊन बघायचं आणि चिठ्ठीवर आकडा लिहायचा. बोलायचं नाही. पटापट, तिचा हात दुखतोय."

"हा काय पोरखेळ आहे?" डॉक्टर म्हणाले, पण उठले. चौघांनी लिहिलं. सिस्टरनी हवा सोडली आणि चिठ्ठ्या उलगडणार, एवढ्यात दार उघडलं.

करड्या साडीतली एक उंच बाई दारात उभी होती. हातात बंद छत्री, गळ्यात ओळखपत्र. तपासनीस बाई पाऊण तास आधी आल्या होत्या.

डॉक्टर लगबगीने पुढे झाले. "या, या. खुलासा तयारच आहे, आपण माझ्या..."

"मी दाराबाहेर पाच मिनिटं उभी आहे," तपासनीस बाई म्हणाल्या. खुर्ची ओढून त्या बसल्या. "भोकांपासून ऐकलंय. पुढे चालू द्या."

आता माघार नव्हती. चुकलं असतं तर बिट्टी गेलीच असती, आणि अर्जही, आणि सिस्टरची चौतीस वर्षांची अब्रूही. त्यांनी चिठ्ठ्या एकेक करून टेबलावर मांडल्या.

डॉक्टर: १३८. बिट्टी: १३८. अर्जबाई: १३७. दशांश: १३७.

"काटा दोन रेघांच्या मधोमध होता," सिस्टर म्हणाल्या. "या तबकडीवर रेघा दोन-दोनच्या अंतरावर असतात. एकशे छत्तीस, मग एकशे अडतीस. मी माझ्या प्रत्येक पोरीला पहिल्या दिवशी शिकवते, काटा मध्ये आला तर वरची रेघ लिहायची, मधलं काही लिहायचं नाही. डॉक्टर शिकाऊ होते तेव्हा त्यांनाही मीच शिकवलं, कान पिळून. म्हणून काट्याच्या यंत्राने खरं मोजलेल्या बीपीत विषम आकडा येतच नाही. पहिल्या गल्लीपासून बघा, बिट्टीच्या एकाही फॉर्मवर नाही. आणि शेवटच्या गल्लीत निम्म्याहून जास्त आकडे विषम आहेत. एकशे त्रेपन्न. सत्त्याण्णव. एकशे एकसष्ट. ज्याने ते लिहिले त्याने आयुष्यात कधी हा काटा वाचलेला नाही."

तपासनीस बाईंनी फॉर्मचा गठ्ठा ओढून घेतला आणि पानं उलटायला लागल्या.

"बिट्टी दिवसाला तीस वेळा हा काटा वाचते. तिने थापा मारल्या असत्या तरी समच मारल्या असत्या. डॉक्टरांचंही तेच. खोटं लिहायला त्यांना कुणी अडवलं नसतं, पण लिहिलं असतं समच."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. सुटल्याचा आनंद मानावा की अपमान, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"उरले दोघं," सिस्टर म्हणाल्या.

अर्जबाई पांढऱ्याफटक पडल्या. "माझ्या घरी मशीन आहे," त्या हळूच म्हणाल्या. "त्यावर एकशे तेहेतीस येतं. मला वाटलं सगळीकडेच..."

६

"अजून एक चिठ्ठी," सिस्टर म्हणाल्या. "शेवटच्या गल्लीतल्या बायका पाणी कुठलं पितात? दोघांनीच लिहा."

दशांशने लगेच लिहिलं. अर्जबाईंनी पेन दोनदा टेकवलं, उचललं, मग लिहिलं. सिस्टरनी चिठ्ठ्या तपासनीस बाईंच्या हातात दिल्या. त्यांनीच वाचल्या.

"एकात लिहिलंय, 'बोअर'. दुसऱ्यात, 'कुठलं ते माहीत नाही, पण बोअरचं नाही, गोड होतं'."

"त्या बायका बर्फाच्या कारखान्यातलं गोडं पाणी पितात," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून त्यांचं बीपी चांगलं. तीच वस्ती, तीच गरिबी, तेच कष्ट, फक्त पाणी वेगळं. आता मला सांगा, ज्याला त्या गल्लीचं पाणी गोड आहे हे ठाऊक आहे, तो ते चांगले आकडे लपवील? अर्जबाईंना ते दिसले असते तर त्यांनी अर्जाच्या पहिल्या पानावर छापले असते. पाण्यामुळेच बीपी चढतं हे दाखवायला याहून चांगलं काय हवं होतं? ते आकडे अडचण कुणाला वाटतील? ज्याला वाटतं की सगळी खालची वस्ती बोअर पिते. आणि ज्याने वस्ती फक्त टेबलावरच्या आकड्यांत बघितलीय."

दशांशने गळ्यातला रुमाल सोडला आणि त्याची घडी घालायला लागला. घडी जमेना.

"गोडं पाणी," तो म्हणाला. त्याने बिट्टीकडे पाहिलं. "ताई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही गठ्ठा घेताना मान तरी वर केलीत का कधी?" बिट्टी म्हणाली.

मग तो सांगत गेला. निम्म्या वस्तीचे आकडे आल्यावर त्याने निष्कर्ष काढून दिला होता. डॉक्टरांनी तो सभेत सांगून टाकला. मग शेवटची गल्ली आली आणि मांडलेलं सगळं विस्कटलं. "चाळीस बायकांमुळे चारशे बायकांची खोली जाणार होती. मला वाटलं, त्या चाळीस म्हणजे मोजण्यातली चूक. शून्य-पाच टाळून, अगदी खरे वाटतील असे लिहिले. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं."

"आणि सकाळी?" सिस्टरनी विचारलं. "सकाळी तिला काढायला निघाले, तेव्हा तू टेबलाशी बसून होतास. माझ्यासमोर तिच्या नावाने हळहळलास."

सिस्टरना त्याचा मनस्वी राग आला होता. आणि थोडी कीवही, पण ती त्यांनी बाहेर दिसू दिली नाही.

"खरी पानं?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"आहेत. आकडे फाडून टाकणं मला जमलं नाही." तो उठला आणि आपल्या खणातून एक जाड पाकीट घेऊन आला. आत चाळीस पानं होती. बिट्टीने वरचं पान ओढून घेतलं आणि त्यावरून हात फिरवला. ११८/७६. २४ तारीख. तिचंच अक्षर.

७

तपासनीस बाई पानं वाचत होत्या तेवढा वेळ डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत उभे होते. मग त्यांनी बिट्टीला काढल्याचं पत्र चुरगाळलं, दुसरा कागद घेतला, घडलं तसं सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खाली सही केली. बिट्टीसमोर येऊन ते म्हणाले, "मी आधी तुला विचारायला हवं होतं. चुकलो." डॉक्टरांना असं बोलताना सिस्टरनी प्रथमच ऐकलं.

"या बाईंवर कसलाही ठपका नाही, हे माझ्या अहवालात येईल," तपासनीस बाई म्हणाल्या. "खरे आकडे फार मोलाचे आहेत, हेही लिहीन. पण आकडे बदललेला अर्ज मी पुढे नेऊ शकत नाही. या फेरीत तुम्हाला अनुदान नाही. पुढची फेरी वर्षाने. तेव्हा फॉर्मवर पाण्याचा प्रश्न घाला, आणि तो कसा लिहायचा ते या बाईंना विचारा."

अर्जबाईंनी तोंडाला पदर लावला. बिट्टी मात्र रडली नाही. तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

"वर्षाने," ती म्हणाली. "जावेचे दोन महिने राहिलेत."

सिस्टरना वाटलं होतं, पोर सुटली की छातीवरचं ओझं उतरेल. ते तसंच होतं. बिट्टी टेबलावरच्या चाळीस पानांकडे बघत बसली होती. मग तिने एकदम मान वर केली.

"सिस्टर, ही पानं खरी असतील तर एक गोष्ट आजच कळली ना आपल्याला? त्याला तीन वर्षं कशाला थांबायचं?"

"कसली गोष्ट?"

"चला माझ्याबरोबर. मला एकटीला भीती वाटते."

कारखान्याची पाळी पाचला सुटायची. शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी बिट्टी पानांच्या प्रती घेऊन उभी राहिली, सिस्टर दोन पावलं मागे. बायका आल्या, प्रत्येकीच्या हातात पाण्याचा डबा. बिट्टीला बघून पुढच्या दोघींनी तोंड फिरवलं.

"मी तुम्हाला आजारी लिहिलं नव्हतं," बिट्टी म्हणाली. आवाज कापत होता. "ज्याने लिहिलं तो सापडला. हे घ्या, तुमचे तुमचे खरे आकडे." तिने एकेकीचं नाव घेऊन आकडा वाचायला सुरुवात केली. एकशे अठरा. एकशे दहा. एकशे चोवीस. वाचता वाचता बायका जवळ आल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी कागद सिस्टरपुढे धरला, आणि सिस्टरनी मान हलवली की खरं आहे.

"अनुदान गेलं," बिट्टी म्हणाली. "खोली येणार नाही. निदान यंदा तरी नाही. पण तुमचं अंग चांगलं आहे ते या डब्यातल्या पाण्याने. वस्तीत आत्ता सहाजणी गरोदर आहेत, आणि सगळ्या बोअर पितात. मला तुमच्याकडे मागायचंय. मागायला लाज वाटते, पण मागते."

"गोळ्या बंद करायच्या नाहीत, दवाखानाही सोडायचा नाही," सिस्टर मधेच म्हणाल्या. "पाणी त्याच्या जोडीला."

डबा भरलेला असला की तो पंधरा किलोचा असतो आणि कारखाना पाऊण मैलावर, हे तिथल्या प्रत्येकीच्या खांद्याला माहीत होतं. मग अर्जबाईंना पाणी पाजणारी ती म्हातारी पुढे आली. तिने हातातला डबा खाली ठेवला आणि बिट्टीकडे सरकवला.

"हा तुझ्या जावेचा," ती म्हणाली. "उद्यापासून पाळीपाळीने आणू, सहा जास्तीचे. आणि तिला सांग, न्यायला यायचं नाही. सात महिन्यांची बाई डबा उचलते होय? आम्ही दारात टाकून जाऊ."

बिट्टीने डबा उचलला. दोन पावलांवर ती अडखळली, तशी सिस्टरनी दुसऱ्या बाजूने कडी धरली, आणि दोघी मिळून तो डबा पलीकडच्या गल्लीत घेऊन गेल्या.